करार आणि परतणे : परदेशी शिक्षणाच्या मराठी लेखनाचा एक विचार

१

परदेशी जाऊन शिकलेल्या मराठी माणसांनी आपल्या अनुभवांविषयी जे लिहिले, त्याची गणना आपण बहुधा प्रवासवर्णनात करतो. काही आत्मचरित्रात, तर काही पत्रवाङ्मयात. ही वर्गवारी सोयीची आहे. परंतु तिच्यामुळे या लेखनाचा एक महत्त्वाचा विशेष नजरेआड होतो. प्रवासी आपल्या पैशाने आणि आपल्या मर्जीने हिंडतो. शिष्यवृत्तीवर गेलेला विद्यार्थी दुसऱ्याच्या पैशाने, ठरलेल्या मुदतीसाठी आणि ठरलेल्या अटींवर गेलेला असतो. तो कोणाचा तरी देणेकरी असतो. या देणेकरीपणाचा त्याच्या लेखनाच्या घाटाशी कोणता संबंध असतो, हा प्रश्न मराठी समीक्षेत म्हणावा तसा विचारला गेलेला दिसत नाही. प्रस्तुत लेखात त्याचा काहीसा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो एका वहीमुळे. एक माजी विद्यार्थिनी शिष्यवृत्तीवर युरोपात शिकून परतल्यानंतर सावेडीतील आमच्या घरी आली आणि तिकडे लिहिलेली वही ठेवून गेली. ‘याचे पुस्तक होईल का, ते बघा,’ एवढेच तिचे म्हणणे होते. वहीच्या पुढच्या भागात विमानतळ, पहिला बर्फ, ट्राम, संग्रहालये आणि वेळेवर सुटणाऱ्या गाड्या होत्या. लेखन नेटके होते, पण पूर्वी अनेकदा वाचलेले वाटावे असे होते. वही मागून उघडली की मात्र हिशेब लागत होते : शिष्यवृत्तीचा हप्ता कधी जमा झाला, खोलीचे भाडे किती, कोणाकडून किती उसने घेतले, गावी किती पाठविले. मधूनमधून एखादे वाक्य होते. विभागात काय सांगायचे, घरी काय सांगायचे नाही. ही पाने तिने पुस्तकासाठी धरलीच नव्हती. वस्तुतः वहीतील सर्वांत जिवंत गद्य तेथेच होते.

पुढून प्रवासवर्णन आणि मागून हिशेब, ही या वहीची रचना केवळ एका विद्यार्थिनीच्या सवयीचा भाग आहे असे मला वाटत नाही. मराठीतील परदेशी शिक्षणाच्या लेखनाची रचनाही बव्हंशी अशीच आहे. तिची कारणे शोधू लागलो की आपण वाङ्मयप्रकाराच्या संकेतांपाशी येऊन पोहोचतो.

२

मराठी प्रवासवर्णनाचे आजचे वळण ज्या लेखनाने घडविले त्यात गंगाधर गाडगीळ यांचे ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९) आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) ही दोन पुस्तके अग्रभागी आहेत. हे दोघेही काही एका अर्थाने विद्यार्थी म्हणूनच परदेशी गेले होते, ही गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. गाडगीळ रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पाठ्यवृत्तीवर गेले, पु. ल. दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी लंडनला बीबीसीत गेले. तथापि ‘अपूर्वाई’चा निवेदक प्रशिक्षणार्थी म्हणून वाचकाच्या स्मरणात राहत नाही. परक्या शिष्टाचारांपुढे गोंधळणारा, स्वतःवर हसणारा आणि कुतूहलाने सारे पाहणारा मराठी मध्यमवर्गीय गृहस्थ म्हणून तो राहतो. शिकणे मागे पडते आणि पाहणे पुढे येते.

यात कलावंताची उणीव नाही. दोघेही परदेशी गेले तेव्हा तिशी ओलांडलेले, नाव मिळविलेले लेखक होते. परतल्यावर आपली जागा आहे तेथेच असेल, याविषयी त्यांना शंका बाळगण्याचे कारण नव्हते. परतणे हा त्यांच्यापुढचा प्रश्नच नसल्यामुळे तो त्यांच्या लेखनाचाही प्रश्न झाला नाही. अडचण उद्‌भवते ती हा साचा पुढच्या पिढ्यांना सर्वसामान्य साचा म्हणून मिळतो तेव्हा. ज्याची घरची जागा निश्चित आहे अशा निवेदकासाठी घडलेले रूप, ज्याची जागाच परतल्यावर ठरणार आहे असा विद्यार्थी उचलतो. मग जे या रूपात बसत नाही ते वहीच्या मागच्या पानांवर जाते.

३

प्रवासवर्णनाचा अभिप्रेत वाचक एकच असतो : घरी राहिलेला, न गेलेला स्वभाषक. शिष्यवृत्तीच्या लेखनाला दोन वाचक असतात. एक घरचा, दुसरा पैसा देणारा. दोघांच्या अपेक्षा वेगळ्या आणि कित्येकदा परस्परविरोधीही असतात.

अशा दुहेरी वाचकासाठी केलेल्या लेखनाचा नमुना शोधण्यासाठी नगर सोडण्याचीही आवश्यकता नाही. अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे येथे १८३१ साली स्थापन झाले आणि १८४२ साली येथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागला. ही मिशनरी मंडळी बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाच्या खर्चाने आली होती आणि त्या बोर्डाला आपल्या कामाचे अहवाल पाठवीत होती. दात्याला पाठविलेला अहवाल आणि भोवतालच्या माणसांसाठी मराठीत केलेले लेखन, असे दोन लेखनव्यवहार येथे शेजारी शेजारी चालू होते. परक्या देशात दुसऱ्याच्या पैशाने राहणाऱ्या माणसाचे गद्य कसे दुभंगते, याचा हा उलट्या दिशेचा दाखला आहे.

सुलट दिशेचा ठळक दाखला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचा. १९०१ ते १९०३ या काळात युनिटेरियन पंथीयांच्या शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा तौलनिक अभ्यास करीत होते. परतल्यावर धर्मप्रचाराचे कार्य करावे ही त्यामागची अपेक्षा होती. त्या वास्तव्याविषयीचे शिंदे यांचे लेखन तीन रूपांत आढळते : ‘सुबोध पत्रिके’साठी पाठविलेली पत्रे, खाजगी रोजनिशी, आणि पुष्कळ वर्षांनी लिहिलेले ‘माझ्या आठवणी व अनुभव’. एकाच अनुभवाचे तीन वाचक येथे वेगळे करून दाखविता येतात. पत्रांत प्रार्थनासमाजाला वृत्तान्त द्यावयाचा आहे, रोजनिशीत स्वतःला, आणि आत्मचरित्रात पुढच्या पिढीला. ही तीन रूपे शेजारी ठेवून, कोणती गोष्ट कोठे आली आणि कोठे गळली याचा पद्धतशीर तुलनात्मक अभ्यास झाला, तर तो पदव्युत्तर प्रबंधाचा उत्तम विषय ठरेल.

शिंदे यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. इंग्लंडमधील गरीब वस्त्यांत युनिटेरियनांचे सेवाकार्य कसे चालते हे त्यांनी पाहिले. प्रवासी असे दृश्य पाहून हळहळेल आणि पुढे जाईल. शिंदे यांनी पाहिले ते आपल्याला हे करावयाचे आहे या जाणिवेने. १९०६ साली मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन झाली, तिच्यामागे ही दृष्टी होती. देणेकरीपणामुळे पाहण्याची रीतच बदलते, असे जे म्हणावयाचे आहे ते हेच. देणे फेडावयाचे असलेला माणूस दृश्याकडे उपयोगाच्या अंगाने पाहतो, आणि या उपयोगीपणात एक नैतिक ताण असतो. आपल्या सौंदर्यवादी समीक्षेला हा ताण वाङ्मयबाह्य वाटत आला. मला तो या लेखनाचा प्राण वाटतो.

४

देणे कशाने फेडावयाचे, हे करार ठरवितो. श्यामजी कृष्ण वर्मा यांच्या पुढाकाराने दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्यांना ब्रिटिश सरकारची नोकरी न करण्याची अट होती. त्यांपैकी शिवाजी शिष्यवृत्तीवर वि. दा. सावरकर १९०६ साली लंडनला गेले. सात वर्षांनी, १९१३ साली, बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला गेले. त्यांची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची, आणि अट परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची. एक करार नोकरी न करण्याचा, दुसरा करण्याचा. दोहोंतही परतल्यानंतरचे आयुष्य जाण्यापूर्वीच लिहून दिलेले आहे.

सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर लिहिलेली कविता मराठी मनात घर करून आहे. एका विद्यार्थ्याची घरची ओढ तेथे मातृभूमीच्या ओढीत रूपांतरित झाली. या रूपांतराचे काव्यमूल्य निर्विवाद आहे. पण त्याचा एक परिणामही झाला. परदेशी विद्यार्थ्याच्या विरहाला मराठीत राष्ट्रीय भावनेची भाषा तयार मिळाली; खाजगी, अडखळती, हिशेबी भाषा मात्र घडावयाची राहिली. त्या कवितेत घर म्हणजे जेथे परतावे अशी प्रिय जागा, याविषयी संशय नाही. घराविषयीच संशय असेल तर काय, हा प्रश्न दुसऱ्या करारातून उभा राहतो.

डॉ. आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटेखानी आत्मकथन मूळ इंग्रजीत आहे. ते १९३०च्या दशकाच्या मध्यास लिहिले गेले असे मानतात. पुस्तिकारूपाने ते १९९० साली आले आणि १९९३ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या समग्र वाङ्मयाच्या बाराव्या खंडात समाविष्ट झाले. शीर्षकात व्हिसा आहे, परंतु एकही प्रसंग परदेशात घडत नाही. कोरेगावचा लहानपणचा प्रवास, बडोदे, चाळीसगाव, दौलताबाद : सारा प्रवास स्वदेशातला आहे. कोलंबिया आणि लंडन यांचा उल्लेख जेमतेम काही वाक्यांत येतो, आणि तोही एका विस्मरणाच्या संदर्भात. परदेशच्या वास्तव्यात आपल्या अस्पृश्यतेची जाणीव मनातून पार पुसली गेली होती, असे निवेदक सांगतो. बडोद्याच्या स्थानकावर उतरल्यावर ‘आता उतरावयाचे कोठे’ या प्रश्नासरशी ती परत येते.

पुढचा प्रसंग सर्वपरिचित आहे. पारशी सराईत नोंदवहीत पारशी नाव घालून राहावे लागते, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव येतो, आणि अखेर सार्वजनिक बागेत बसून गाडीची वाट पाहावी लागते. शिष्यवृत्तीच्या अंगाने पाहिले तर या प्रसंगाची रचना विलक्षण आहे. निवेदक बडोद्यास आला आहे तो करार पाळण्यासाठी. संस्थानच्या पैशाने शिकल्यामुळे आपण सेवेस बांधलेले होतो, असे तो स्वतःच नोंदवितो. देणेकरी देणे फेडावयास आला आहे आणि गावात त्याला ते फेडण्यासाठी राहावयास खोली मिळत नाही. करार राजाशी झाला होता. समाजाने त्यावर सही केली नव्हती.

या संहितेचा अभिप्रेत वाचकही ध्यानात घेतला पाहिजे. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशीयांना कसे समजावून द्यावे, या प्रश्नाने ती सुरू होते. प्रवासवर्णन परदेशाची हकीकत घरी सांगते. ही संहिता घरची हकीकत परदेशाला सांगते. प्रवासवर्णन प्रस्थानाने सुरू होऊन परतीला संपते. येथे खरे कथन परतीपासून सुरू होते. प्रवासवर्णनाचे जवळजवळ सर्व संकेत येथे उलटे झालेले दिसतात. म्हणूनच परदेशी शिक्षणाच्या लेखनाची चर्चा या संहितेला वगळून करणे म्हणजे वहीची फक्त पुढची पाने वाचणे होय.

५

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हा विचार समाजशास्त्रीय आहे, वाङ्मयीन नाही. परंतु अभिप्रेत वाचक, निवेदकाचे स्थान, आरंभ-शेवटाची योजना हे घाटाचेच घटक आहेत. शिष्यवृत्तीची अट त्यांना आकार देत असेल, तर तिचा विचार वाङ्मयविचारच ठरतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सर्वच विद्यार्थ्यांचे परतणे बडोद्यासारखे नसते. एका असामान्य उदाहरणावरून प्रकाराचे लक्षण कसे बांधावे? याचे उत्तर असे, की बडोदे हे सरासरीचे उदाहरण म्हणून येथे घेतलेले नाही. इतर संहितांत जो प्रश्न झाकला जातो तो येथे उघडा पडतो, एवढाच त्याचा उपयोग. ‘अपूर्वाई’च्या निवेदकाला परतण्याची चिंता नाही हे आपल्या ध्यानात येते, ते ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ वाचल्यानंतर.

करारांचे स्वरूप आज बदलले आहे. ते नाहीसे झालेले नाहीत. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी असलेल्या केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजनेच्या २०२२ सालच्या मार्गदर्शक सूचनांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक संशोधन हे विषय शिष्यवृत्तीच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात एका शिष्यवृत्तिधारक विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला होता. ही अट त्याला लागू असती तर तो विषय त्याला घेता आला नसता. परदेशी जाऊन घराचा अभ्यास करावयाचा नाही, ही अट केवळ प्रशासकीय नव्हे. घरची हकीकत बाहेर सांगणाऱ्या त्या कथनप्रकारावरच ती मर्यादा घालते.

अशा वेळी विद्यार्थ्याच्या हाती कोणते वाङ्मयीन रूप आहे, याला महत्त्व येते. त्याला केवळ प्रवासवर्णन ठाऊक असेल, तर तो बर्फ आणि ट्राम यांविषयीच लिहील, आणि ज्या अटींवर तो तेथे पोहोचला त्या अटी त्याला लिहिण्याजोग्या वाटणारच नाहीत. त्याच्या अज्ञानाइतकीच यात आपल्या अध्यापनाची जबाबदारी आहे. अभ्यासक्रमात प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकविताना आपण शिंदे यांची रोजनिशी शेजारी ठेवत नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ दलित आत्मकथनाच्या संदर्भात शिकवितो, परदेशी शिक्षणाच्या संदर्भात नाही.

त्या विद्यार्थिनीला वही परत करताना हिशेबाच्या पानांवर खुणा करून दिल्या आणि पुस्तक तेथून सुरू करता येईल का, असे विचारले. ‘पण सर, ते लोकांनी वाचायचे आहे का?’ असा तिचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे. उसनवारी, घरापासून लपविलेल्या गोष्टी, परतल्यावर गावात कोणी कसे वागविले, हे छापण्याची किंमत तिला मोजावी लागेल, मला नाही. तेव्हा निर्णय तिचाच. समीक्षेकडून तिला एवढीच मदत होऊ शकते, की ती पाने साहित्यात मोडतात आणि त्यांना मराठीत पूर्वपरंपरा आहे, हे तिला आधाराने दाखवून देता यावे.