‘हॉब्सन-जॉब्सन’मधील मत्स्यनामे : एक परामर्श

यूल व बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश १८८६ साली प्रसिद्ध झाला. आंग्ल-भारतीय शब्दांच्या अभ्यासकास तो आजही टाळता येत नाही. त्यातील सागरी मत्स्यनामे तपासली असता त्याच्या पद्धतीचे गुण व दोष दोन्ही दृष्टीस पडतात.

‘बमेलो’ ह्या नोंदीत बोंबलाचा विचार आहे. मोल्सवर्थने दिलेले मराठी रूप आणि १६७३च्या सुमारास माझगावी फ्रायरने ऐकलेले नाव, हे दोन्ही पुरावे कोशकारांनी नोंदविले आहेत. तरीही ते नावाचे मूळ अस्पष्ट ठरवितात. मराठी शब्दाची मूळ व्युत्पत्ती न लागणे ही एक गोष्ट. इंग्रजी शब्द मराठीतून गेला की नाही, ही दुसरी. ह्या दोन प्रश्नांची येथे गल्लत झाली आहे. तथापि ‘बॉम्बे डक’ हे नाव ‘डाक’गाडीवरून पडले, ह्या रूढ कथेपेक्षा हा संयम खचितच बरा, कारण आगगाडी १८५३ साली सुरू झाली आणि नाव त्याआधीचे आहे.

‘पाम्फ्रेट’ हा शब्द द्राक्षाच्या पानाच्या पोर्तुगीज नावावरून आला असावा, असे कोशकार म्हणतात. परंतु शब्दाचा प्रवास तेथे संपत नाही. पोर्तुगीज रूपात नसलेला अन्त्य ‘ट’ मराठी ‘पापलेट’मध्ये आहे, म्हणून तो इंग्रजी रूपावरून आला, असे मानणे सयुक्तिक ठरते. त्याच माशाचे ‘सरंगा’ हे नाव किनाऱ्यावर नांदतेच आहे. ‘सुरमई’ हे नाव फारसी ‘सुरमा’वरून, म्हणजे रंगावरून आले, मालवणात तीच ‘इसवण’. बाजारातील नाव दूरवर जाते, किनाऱ्यावरील नाव मागे राहते. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटास राज्यमासा ठरविल्यानंतर हा प्रश्न केवळ कोशापुरता उरलेला नाही.

कारंजा लाड समुद्रापासून दूर. उरणजवळचे कारंजा मासेमारीचे. केवळ नामसाम्यावरून ह्या दोन गावांचा इतिहास कोणी एक मानणार नाही. मग ‘बांगडा’ हा ‘बांगडी’पासूनच आला, असे ध्वनिसाम्यावरून का मानावे? ‘शिंगाळा’ हे नाव ‘शिंगा’वरून पडले, असे म्हणताना त्या माशाचे टोकदार काटे निदान साक्षीला असतात. मत्स्यनाम नोंदविताना गाव, बोलणारा समाज आणि माशाचे प्रत्यक्ष रूप ही तिन्ही नोंदवावीत. त्यांवाचून केलेली व्युत्पत्ती हा तर्कच राहील.