अल्प खर्च आणि भव्यतेचा आभास : ‘कॅट पीपल’ (१९४२) या भयपटाचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
अल्प खर्चाच्या भयपटाकडे समीक्षक सहसा गांभीर्याने पाहत नाहीत. असा एखादा चित्रपट भव्य वाटलाच, तर ‘अंधारामुळे उणिवा झाकल्या गेल्या’ असे त्याचे कारण सांगितले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. निर्माते व्हॅल ल्यूटन आणि दिग्दर्शक जॅक टूर्नर यांच्या ‘कॅट पीपल’च्या आधारे त्याची तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
आर.के.ओ. या हॉलिवूडमधील चित्रपटसंस्थेने १९४२ मध्ये स्वस्त भयपटांची जबाबदारी ल्यूटन यांच्याकडे सोपविली. प्रत्येक चित्रपटाचा खर्च दीड लाख डॉलरच्या आत असावा, लांबी ७५ मिनिटांहून कमी असावी आणि शीर्षक संस्थेने ठरवावे, अशा अटी होत्या. ‘कॅट पीपल’ ही या मालिकेतील पहिली निर्मिती होय. मत्सर वा कामभावना जागृत होताच आपण हिंस्र श्वापद होऊ, या भीतीने ग्रासलेली सर्बियन तरुणी इरेना ही तिची नायिका आहे. पती ऑलिव्हर आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. जड या दोघांनाही तिचे सांगणे खरे वाटत नाही.

विश्लेषण :
इरेनाच्या इमारतीतील प्रशस्त जिना ऑर्सन वेल्स यांच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ (१९४२) या चित्रपटाच्या नेपथ्यातून घेतला आहे. छायालेखक निकोलस मुसुराका यांनी असे उसने नेपथ्य आणि साधे नेपथ्य एकाच छायाप्रकाशात बांधले. त्यामुळे त्यांतील सांधा जाणवत नाही. भव्यतेचा आभास वस्तूंच्या किमतीपेक्षा या एकजिनसीपणातून निर्माण होतो.

ध्वनीचे कार्य याहून मोलाचे आहे. ॲलिस रात्री उद्यानाच्या भिंतीलगत चालत असताना मागून येणारी पावले अचानक थांबतात. तणाव शिगेला पोहोचतो आणि कर्कश आवाज करीत बस समोर उभी राहते. संकलक मार्क रॉबसन यांच्या या योजनेवरून अशा धक्क्याला ‘ल्यूटन बस’ हे नावच पडले. जलतरण तलावाच्या प्रसंगातही भिंतींवर हलणारे पाण्याचे कवडसे, सावल्या आणि गुरगुर एवढीच सामग्री आहे.

मात्र येथील अंधार केवळ पडदा नव्हे. इरेना भ्रमिष्ट आहे की सत्य बोलते आहे, हा कथेचा मूळ प्रश्न अंधारामुळेच खुला राहतो. या दृष्टीने कार्यालयातील प्रसंग उद्बोधक ठरतो. तेथे संस्थेच्या आग्रहामुळे प्रत्यक्ष बिबट्या दाखविण्यात आला. ऑलिव्हर टी-स्क्वेअर क्रुसासारखा उंचावून इरेनाला विनवतो. बिबट्या दिसला नसता, तर ही विनवणी म्हणजे पतीने पत्नीच्या शब्दावर प्रथमच ठेवलेला विश्वास ठरली असती. तो दिसल्याने ती डोळ्यांनी पाहिलेल्या पुराव्यापुढची शरणागती ठरते. म्हणजे अधिक दाखविल्याने भय वाढले नाही. इरेनावरील अन्यायाची धार मात्र बोथट झाली.

निष्कर्ष :
१९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत स्थान मिळालेल्या या चित्रपटाचे यश म्हणजे काटकसरीची कोठेही वापरता येईल अशी कृती नव्हे. संदिग्धता ही ज्या कथेची आंतरिक गरज नाही, तेथे अंधार केवळ दारिद्र्यच सूचित करील. आर्थिक मर्यादा आणि आशयाची गरज येथे एकाच दिशेने गेल्या. जेथे त्यांची फारकत झाली, तेथेच चित्रपट उणा पडला.