घरगुती छायाचित्रांविषयी

कथा, काव्य, नाटक यांची समीक्षा नियतकालिकांत नित्य येते. घरोघर मोबाइलवर निघणाऱ्या छायाचित्रांची समीक्षा करावी, असे मात्र सहसा कोणास सुचत नाही. विषय क्षुल्लक आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु आजच्या कुटुंबात कविता लिहिणारा एखादाच असतो, रोजनिशी ठेवणारा त्याहूनही विरळा. छायाचित्रे काढणारे मात्र आजोबांपासून नातवापर्यंत सारेच असतात. पुढील पिढीस आपल्या घराविषयी जे कळावयाचे, ते बहुतांशी याच चित्रांवरून कळणार. तेव्हा ही चित्रे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, याचा विचार कोणी तरी करणे अवश्य आहे.

निमित्त असे घडले. आमच्या परिचयाचे बेळगावचे एक कुटुंब गेल्या श्रावणात गोव्यास जाऊन आले. चोर्ला घाट उतरून मंगेशीस देवदर्शन, रात्री अग्रशाळेत मुक्काम, दुसऱ्या दिवशी फोंड्याजवळ मावशींकडे नागपंचमीचे जेवण आणि तिसऱ्या दिवशी परत, असा साधा बेत. या तीन दिवसांची चारशेहून अधिक चित्रे आम्हांस दाखविण्यात आली. मंडळींनी ती आपुलकीने दाखविली आणि त्यांविषयी लिहिण्याची मोकळीकही दिली. म्हणून पुढील चार शब्द निःसंकोचपणे लिहितो.

प्रथम गुण सांगितले पाहिजेत. घाटातील धुक्यात समोरून येणाऱ्या ट्रकचे दोन पिवळे दिवे तेवढे दिसताहेत, असे एक चित्र आहे. ते कोणाही चित्रकारास मान्य व्हावे. मंगेशीचा सातमजली दीपस्तंभ पायथ्याशी बसून टिपलेला आहे, आणि त्यात पावसाने भिजलेल्या चुन्याचा करडा रंग नेमका उतरला आहे. तळीच्या पायऱ्यांवर नातवाच्या खांद्यास धरून उतरणारी आजी पाठमोरी दिसते. तिच्या पावलांतील सावधपणा पाहताच कळतो. चित्र काढणाऱ्याने कलेचे शिक्षण घेतलेले नाही. पण त्यास दृष्टी आहे, हे मान्य करावेच लागेल.

तथापि चारशे चित्रे पाहून झाल्यावर आमच्या ध्यानात आले की यात स्थळे आहेत, प्रवास नाही. घाटात धाकट्यास उलट्या झाल्या, म्हणून गाडी थांबवावी लागली. तेथे टपरीवर चहा घेताना आजीने आपल्या लग्नाच्या वेळचा गोव्याचा प्रवास प्रथमच सर्वांस सांगितला. हे आम्हांस चित्रावरून कळले नाही. "इथे थांबलो ना, तेव्हा..." असे म्हणून सूनबाईंनी सांगितले, तेव्हा कळले. प्रत्येक चित्रापाशी कोणी तरी असे बोलत होते. खरी यात्रा दोन चित्रांमधील त्या बोलण्यात होती; आणि ते बोलणे कोठेही नोंदलेले नव्हते.

प्रवासाच्या वर्णनात जीव कशाने येतो, हे मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तर हिंदुस्थानात गेले. त्यांचा 'माझा प्रवास' 1907 साली प्रसिद्ध झाला आणि आजही वाचला जातो. त्यातील क्षेत्रांची माहिती अन्यत्रही मिळेल. परंतु घरच्या कर्जाची विवंचना, वाटेतील लूट आणि अखेर आईवडिलांस स्नान घालण्यासाठी खांद्यावरून आणलेली गंगेची कावड, या गोष्टी गोडसे भटजींनी सांगितल्या नसत्या तर कोणास कळल्या असत्या?

आता नागपंचमीच्या जेवणाकडे वळू. त्या दिवशी चिरावयाचे नाही, तवा चुलीवर ठेवावयाचा नाही, असा नेम पुष्कळ घरी पाळतात. म्हणून वाफवलेल्या पदार्थांचा मान. मावशींनी हळदीच्या पानांतल्या पातोळ्यो केल्या होत्या. ताटातील पातोळ्यांची चित्रे एकोणतीस निघाली. वरून, बाजूने, तुपाच्या वाटीसह, पान उघडलेले, पान मिटलेले, असे सर्व प्रकार त्यांत आहेत. पानाचा सुवास चित्रात येत नाही, ही तक्रार आम्ही करीत नाही. तो छायाचित्राचा दोष नव्हे. आमची तक्रार निराळी आहे. तांदूळ किती वेळ भिजवले, पीठ कितपत सैल ठेवले, चुनात गूळ किती घातला, वाफ किती दिली, यांपैकी कशाचाच मागमूस त्या एकोणतीस चित्रांत नाही. जेवण आहे, रांधणे नाही.

आणि रांधणारी बाईही नाही. हे आम्हांस त्या वेळी जाणवले नव्हते. ते दुःखद रीतीने जाणवले. माघात मावशी अकस्मात वारल्या. दिवसकार्याच्या वेळी तसबीर लावावयाची म्हणून बेळगावच्या मंडळींनी ती चारशे चित्रे पुन्हा पाहिली. एकातही मावशींचा चेहरा पूर्ण नव्हता. एका चित्रात दारामागे पदर दिसतो, दुसऱ्यात वाढणारा हात, तिसऱ्यात पंगतीच्या टोकाशी हललेली, अस्पष्ट आकृती. अखेर जुन्या लग्नाच्या समूहचित्रातून चेहरा कापून घ्यावा लागला. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. ज्याच्या हाती फोन, तो पंगतीत बसलेला. आणि मावशी अखेरपर्यंत आत.

येथे आम्हांस राजा दीनदयाळ यांची आठवण होते. इंदुरास बांधकाम खात्यात नोकरी करीत असता त्यांनी ही कला हाती घेतली, आणि पुढे हैदराबादेस सहाव्या निजामाच्या दरबारी ते छायाचित्रकार झाले. 1892 साली त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा उघडली व तेथे छायाचित्रे काढण्यास स्त्रीच नेमली. पडद्यातील स्त्रीचा चेहरा टिपावयाचा, तर एवढी व्यवस्था करावी लागे. आणि ती करण्याइतके अगत्य त्या काळी कोणास तरी होते. आज आपल्या घरी पडदा नाही, यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे, खर्च शून्य आहे. तरीही स्वयंपाकघरातील स्त्री चित्राबाहेर राहते. उणीव साधनाची नाही, अगत्याची आहे.

कोणी म्हणेल, चित्राकडून एवढी अपेक्षा कशास? स्मृती जपण्याचे काम मनुष्य पूर्वीपासून करीतच आला आहे. हे खरेच आहे, आणि त्याचा दाखला मंगेशीतच आहे. पोर्तुगीज अमलात साष्टीतील देवळे मोडली जाऊ लागली, तेव्हा 1560 साली कुठ्ठाळीचा देव जुवारी नदीपार प्रियोळास आणला गेला. त्या प्रवासाचे एकही चित्र नाही. तरी साडेचारशेहून अधिक वर्षे तो महाजनांच्या घरोघर ठाऊक आहे. कारण आजीने नातवास तो सांगितला. गाभाऱ्याचे चित्र काढू नये, हा आपल्या देवळांचा दंडक. तेथे या मंडळींनीही फोन आत ठेवले होते. विशेष असे की त्या दिवशीची देवावरील फुलांची पूजा घरातील पाचही जणांस तपशीलवार आठवत होती. दीपस्तंभाला मजले किती, हे मात्र आम्ही विचारले असता त्यांस फोन उघडून मोजावे लागले.

म्हणून छायाचित्रे काढूच नयेत, असा आमचा निष्कर्ष नाही. त्या चारशेंत एक चित्र असे आहे की ते आम्ही सर्वांत श्रेष्ठ मानतो. हळदीच्या हिरव्या पानावर ओले पीठ पसरलेले आहे. पिठात चार बोटांच्या रेघा उमटल्या आहेत. आणि कडेला हिरव्या बांगड्या घातलेला अर्धा हात. धाकट्याने आत खेळताना ते सहज काढले होते; हललेले म्हणून वडील ते पुसून टाकणार होते. आज त्या घरी मावशींच्या हाताची तेवढीच खूण उरली आहे.

आमची सूचना साधी आहे. पुढल्या खेपेस कोणाकडे पाहुणे म्हणून जाल, तेव्हा ताट समोर येण्यापूर्वी क्षणभर आत जावे. रांधणाऱ्या माणसास विचारून त्याचे चित्र घ्यावे आणि त्याच्याशी दोन शब्द बोलावे. रात्री त्या चित्राखाली नाव, गाव, तिथी आणि ऐकलेली एक गोष्ट लिहून ठेवावी. चारशे चित्रांखाली लिहिणे कोणासही शक्य नाही. चारांखाली सहज शक्य आहे. बेळगावच्या त्या घरी आता धाकट्याच्या चित्राखाली सूनबाईंनी मावशींचे नाव व नागपंचमी ही तिथी लिहिली आहे. पिठाचे प्रमाण लिहावयासाठी खाली जागा सोडली होती. ती अद्याप कोरी आहे. ते सांगणारे आता कोणी नाही.