आनंदीबाईंच्या गोष्टीतले कॉलेज

मागच्या शुक्रवारी अल अझीझियातल्या आमच्या घरी श्री. ज. जोशींच्या ‘आनंदी गोपाळ’वर (१९६८) गप्पा रंगल्या. चहा तीनदा झाला. शेवटी एकमत काय, तर गोपाळराव होते म्हणून आनंदीबाई झाल्या. मी गप्प बसले. माझ्या डॉक्टरेटचा विषय निघाला की हेच वाक्य नवऱ्याच्या नावे ऐकते. तो बिचारा ओशाळतो.

कादंबरी उत्तमच आहे. गोपाळरावांचा विक्षिप्त हेका आणि त्याखाली घडत, मोडत जाणारी ती मुलगी जोशींनी जिवंत उभी केली आहे. माझी तक्रार वेगळी. संसाराच्या या झटापटीपुढे फिलाडेल्फियाचे कॉलेज नुसता एक मुक्काम वाटते.

ते कॉलेज १८५० साली निघाले ते मुख्यतः क्वेकर मंडळींच्या खटपटीने. त्यांच्यात पुरोहित नाही. ईश्वरी प्रकाश प्रत्येकाच्या अंतरी आहे, म्हणून सभेत ज्याला स्फुरेल त्याने उठून बोलावे, बाई असली तरी. आपल्या जनाबाई-बहिणाबाईंना हे परके वाटले नसते! पहिल्या तुकडीतल्या क्वेकर अ‍ॅन प्रेस्टन १८६६ साली तिथे डीन झाल्या. १८६९ मध्ये त्यांच्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलात शिकायला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली. तरी बायकांनी जाणे सोडले नाही. आनंदीबाई १८८३ साली पोचल्या त्या अशा तयार वाटेवर.

क्वेकरांना डोक्यावर घ्यावे असेही नाही. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या याच फिलाडेल्फियात त्यांच्या सभागृहात काळ्यांसाठी वेगळा बाक असे.

पण एक गोष्ट वाचकांनी ताडून पाहावी. गोपाळरावांनी अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याकडे मदत मागितली, तेव्हा उत्तर आले : आधी ख्रिस्ती व्हा. कॉलेजने ती अट घातली नाही. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परतेन, असे श्रीरामपूरला जाहीर सांगून निघालेली मुलगी १८८६ च्या मार्चमध्ये तशीच डॉक्टर झाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढच्या वर्षी रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली ती त्याच कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांनी.

हे सारे कादंबरीत ठळक आले असते, तर गोपाळराव लहान झाले नसते. माझ्या नवऱ्याचेही तेच म्हणणे. माझी रात्री उशिरापर्यंत उघडी असलेली प्रयोगशाळा आणि खडूस गाइड त्याला चांगले आठवतात.