नव्या खेळांचें संगीत आणि जुन्या यंत्राचा गळा

व्हिडिओ गेमच्या संगीतासारखा विषय या पृष्ठांवर आलेला पाहून आमच्या कांहीं वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळीं आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. नाटकांतलें पद, भावगीत, फार तर चित्रपटांतलें गाणें, येथवर त्यांची सहनशीलता पोंचली आहे. त्यापुढें जाऊन मुलांच्या खेळांतून निघणाऱ्या सुरांसही टीकेच्या तराजूंत घालावयाचें म्हणजे अतिरेकच झाला, असें त्यांस वाटेल. परंतु ज्या घरांत नातवंडें आहेत त्या घरांत हें संगीत रोज तासन्‌तास वाजत असतें. आणि जें इतकें ऐकलें जातें त्याविषयीं बरें-वाईट कांहीं म्हणावयाचेंच नाहीं, हा सोंवळेपणा टीकाकारास शोभत नाहीं.

आमचा आजचा विषय त्या संगीताचा एक विशेष प्रकार आहे. आजचा मोठा खेळ हा बोलपटाइतकाच खर्चाचा उद्योग झाला असून त्याच्या संगीतासाठीं मोठाले वाद्यवृंद व गायकवृंद कामास लावले जातात. असें हें श्रीमंत संगीत घेऊन हौशी रचनाकार तें चाळीस वर्षांपूर्वींच्या यंत्राच्या आवाजांत पुन्हां बांधतात. या आवाजाच्या संगीतास चिपट्यून म्हणतात. तो आवाज कसा होतो हें समजल्यावांचून त्याची गोडीही कळावयाची नाहीं. निन्टेन्डो कंपनीनें १९८३ सालीं जपानांत फॅमिकॉम नांवाचें यंत्र काढलें. त्यांत ध्वनीसाठीं अवघ्या पांच वाटा होत्या: दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक नुसत्या खरखरीची आणि एक आधीं मुद्रित केलेल्या लहानशा तुकड्यांची. एका वाटेवर एका वेळीं एकच स्वर चालावयाचा. चौकोनी लहरीचा आवाज सोळा पायऱ्यांनीं लहानमोठा करतां येई. त्रिकोणी लहरीस तेवढीही मुभा नव्हती, ती वाजावयाची किंवा गप्प बसावयाची. तीन स्वरांचा मेळ ऐकवावयाचा असेल तर ते तीन स्वर एकाच वाटेवर इतक्या झपाट्यानें एकामागून एक फिरवावयाचे कीं कानास ते एकत्र असल्याचा भास व्हावा. या तुटपुंज्या शिदोरीवर कोजी कोंडो यांनीं १९८५ सालीं ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची चाल बांधली, आणि ती अजून पोरांच्या तोंडीं आहे.

आतां जे रचनाकार नव्या संगीताचें असें रूपांतर करतात त्यांचे दोन वर्ग सहज पडतात. पहिल्या वर्गास जुन्या यंत्राचा फक्त आवाज हवा असतो, त्याची अडचण नको असते. आजच्या संगणकावर चौकोनी लहरींच्या वाटा दहा घ्या कीं वीस घ्या, कोणी अडवीत नाहीं. वर आणखी सभागृहाची गुंज चढवितां येते. असें रूपांतर ऐकतांना रंगभूमीवरच्या त्या भिकाऱ्याची आठवण होते, ज्याच्या चिंध्या नव्या कापडाच्या फाडून केलेल्या असतात. दुसरा वर्ग खरोखरच पांच वाटांत मावून दाखवितो. फॅमिट्रॅकरसारखीं साधनें त्यासाठींच आहेत. आणि स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांनीं गेमबॉय या हातांतल्या यंत्रावरच संगीत रचतां यावें म्हणून २००० च्या सुमारास जी सोय केली, तीही याच वृत्तीची. जेक कॉफमन यांनीं ‘शॉव्हल नाइट’ (२०१४) या नव्या खेळाचें संगीत जुन्या यंत्राच्या मर्यादेंत रचलें. कोनामी कंपनी जुन्या काळीं आपल्या कांहीं कॅसेटींत एक जादा चिप घालून आणखी तीन वाटा मिळवीत असे, तेवढी एक सवलत त्यांनीं घेतली. तें रूपांतर नव्हे, स्वतंत्र रचनाच; पण रूपांतरकारांस मोजावयास माप म्हणून तेंच हातीं घ्यावें. आमचा कौल अर्थातच या दुसऱ्या वर्गास आहे, आणि त्याचें कारण केवळ प्रामाणिकपणा हें नव्हे. पांच वाटा आहेत म्हटल्यावर काय ठेवावें व काय टाकावें हें ठरवावें लागतें, आणि तें ठरवितांना रचनाकाराचा कान उघडा पडतो.

दोन उदाहरणें घेऊं. ‘स्कायरिम’ (२०११) या खेळाचें जेरेमी सोल यांचें मुख्य गीत तीस गायकांकडून गाऊन घेतलें गेलें, आणि तेंच मुद्रण तीन थरांनीं एकावर एक रचून नव्वद जणांचा भास केला गेला. शब्द एका कल्पित भाषेचे आहेत. इतका सारा डामडौल चिपमध्यें उतरतांना गळून पडतो. नव्वदांच्या जागीं एक चौकोनी लहर उरते, ढोलाच्या जागीं खरखर येते. तरीही तें गीत ताठ उभें राहतें! याचें कारण त्याच्या पोटांत एक जुनी, साधी, चढत जाणारी चाल आहे. २००२ च्या ‘मॉरोविंड’ या खेळापासून ती चालत आली आहे. उलट ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ पाहा. त्याचीं चित्रें सगळीं ठोकळ्यांचीं. वरवर पाहणारास वाटावें कीं चिपचा ठोकळेबाज आवाज त्यास जन्मजात शोभेल. परंतु डॅनिएल रोझेनफेल्ड यांनीं त्यास जें संगीत दिलें, विशेषतः ‘स्वीडन’ नांवाची रचना, तें धुक्यासारखें आहे. पियानोचा स्वर हळूहळू विरत जातो आणि त्या विरण्यांतच सारा जीव आहे. रूपांतरकार या स्वरमेळांच्या जागीं झपाट्यानें फिरणारे तीन-तीन स्वर घालतात, आणि संध्याकाळच्या त्या शांततेंत एकदम चिमण्यांची शाळा भरते. चाल तीच, स्वरही तेच. पण वस्तु गेली. मेळ सोडून देऊन दोनच वाटा वापराव्या, तिसरी मुद्दाम मोकळी ठेवावी, स्वर संपला कीं पुढचा येईपर्यंत थांबण्याचें धैर्य दाखवावें. मग कदाचित् कांहीं साधेल.

कित्येक वडील मंडळी म्हणतात कीं, नव्या संगीतांत चालच नसते आणि चिपवर घांसून पाहिलें कीं तें पितळ उघडें पडतें. यांत तथ्य थोडें आहे. चिप ही चालीची उत्तम कसोटी असली तरी संगीताची एकमेव कसोटी नव्हे. तंबोऱ्याचा झंकार काढून घेऊन कोणी गवयाची परीक्षा करूं लागला तर त्यास आपण काय म्हणूं?

आमच्या मतें या कलेचे खरे धडे मुंबईंत रस्त्यावर मिळतात. आम्ही अँटॉप हिलला राहतों. अनंत चतुर्दशीस या बाजूनें, आणि लालबाग-परळकडे तर त्याहून जोरानें, मिरवणुकींपुढें बेंजो वाजतो. हा बेंजो म्हणजे अमेरिकेंतलें त्या नांवाचें वाद्य नव्हे. हा आपला बुलबुलतरंग, तारांवर टंकलेखनयंत्रासारख्या कळा बसविलेला. त्याचें मूळही जपानीच आहे: नागोया शहरीं गोरो मोरिता यांनीं १९१२ सालीं काढलेलें ताइशोगोतो हें घरगुती वाद्य हिंदुस्थानांत आलें, रुळलें, आणि मुंबईनें त्यास वीज जोडून ताशाच्या शेजारीं उभें केलें. कळ दाबून वाजविण्याचें हें वाद्य. त्यावर गळ्यासारखी मींड निघत नाहीं, आणि पेटीवरही याच कारणासाठीं काय काय आक्षेप घेतले गेले तें सर्वश्रुत आहे. असें असूनही चित्रपटांतलें ताजें गाणें, ज्याच्या मूळ मुद्रणांत शेंकडों आवाज मिसळलेले असतात, तें बेंजोवाला या कळांवर उभें करतो. तो मुखडा घेतो. अंतऱ्यांतला जो तुकडा लोक गुणगुणतात तेवढाच उचलतो आणि बाकीचें ताशाच्या हवालीं करतो. स्वर लांबवितां येत नाहीं म्हणून नखीनें तोच स्वर भराभर छेडून लांबी भरून काढतो. फॅमिकॉमवर स्वर फिरवून मेळाचा भास करणाराची युक्ति आणि ही युक्ति एकाच आईच्या मुली आहेत. मूळ गाण्याची नक्कल करावी असें त्या वादकाच्या मनांत क्षणभरही येत नाहीं. रस्त्यावरच्या माणसास तें ओळखूं यावें आणि त्याचे पाय हलावे, एवढेंच त्यास हवें असतें.

रूपांतरकारांनीं आणखी एका गोष्टीचा विचार करावा असें आम्हांस वाटतें, कारण येथें प्रश्न नुसत्या कौशल्याचा नसून आठवणीचा आहे. या जुन्या आवाजाची हुरहुर ज्यांस वाटते त्यांतल्या बहुतेकांनीं तो लहानपणीं ऐकलेला असतो, असें समजलें जातें. पण कोणता? १९९० नंतरच्या दहा वर्षांत मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नांवांनीं जीं यंत्रें आलीं तीं निन्टेन्डोच्या यंत्राच्या नकला होत्या. कॅसेटीवर नऊशें नव्याण्णव खेळांची हमी छापलेली असे आणि आंत तेच दहा-बारा खेळ पुनःपुन्हां निघत. सरकारी वसाहतींत एका घरीं असें यंत्र आलें कीं साऱ्या मजल्याची पोरें तेथें जमत. त्या काळच्या असल्या नकलांपैकीं पुष्कळांत तैवानच्या यूएमसी कंपनीची चिप असे. (याच कंपनीची यूएम-६६ ही तीन पायांची, चौसष्ट स्वर पोटांत बाळगणारी चिप इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांनीं लॅमिंग्टन रोडवरून आणून पुष्कळ वाजविली आहे.) त्या नकलेंत एक गंमत झाली होती: चौकोनी लहरीचे जे चार आकार मूळ यंत्रांत होते त्यांतल्या दोहोंची अदलाबदल झाली होती, त्यामुळें जेथें आवाज बारीक व नाकांतला निघावा तेथें तो भरीव निघे आणि भरीव हवा तेथें बारीक. शिवाय या खेळांचें संगीत पडद्यावरचें चित्र जितक्या वेळां बदलेल तितक्या पावलांनीं पुढें सरके. जपान-अमेरिकेंत हें सेकंदास ६० वेळां घडे. आपल्याकडील दूरचित्रवाणीच्या पद्धतीप्रमाणें बनविलेल्या नकली यंत्रांत ५० वेळां. स्वरांची उंची जवळजवळ तीच राही, चाल मात्र मंदावे. तेथें जी एक मिनिटांत संपे ती येथें बहात्तर सेकंद घेई.

तेव्हां मुंबईच्या मुलाच्या कानांत जो मारिओ आहे तो थोडा सावकाश चालणारा आणि गळा बदललेला मारिओ आहे. आज येथले तरुण रूपांतरकार मोठ्या भक्तीनें मूळ जपानी यंत्राचा आवाज हुबेहूब जुळवितात, तेव्हां ते आपल्या नव्हे, ओसाकाच्या किंवा शिकागोच्या मुलाच्या बालपणाची आठवण काढीत असतात. यांत गुन्हा कांहीं नाहीं. पण ज्या शहरानें ताइशोगोतोचा बेंजो केला त्या शहरांत कोणी तरी एकदां ती अदलाबदल झालेली लहर, तो पन्नासांचा ठेका मुद्दाम घेऊन एखादें नवें गीत बांधून पाहावें, ही अपेक्षा अवाजवी नसावी.

कोणतें गीत घ्यावें, असें कोणी विचारील, तर आम्ही पुण्याकडे बोट दाखवूं. तेथील नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें २०२० सालीं ‘राजी’ हा खेळ काढला. राजी नांवाची मुलगी आपल्या भावास शोधावयास निघते, अशी त्याची कथा. त्याचें संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचें असून त्यांत भारतीय वाद्यांचा भरणा आहे. येथें अडचण बेंजोवाल्याचीच: मींड. यंत्रांतून मींड काढण्याचा खटाटोप मुंबईस नवा नाहीं. चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं दहा राग रोलंड कंपनीच्या यंत्रांवर वाजवून ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हां त्यांतल्या खर्जाच्या यंत्रास स्वरावरून स्वरावर घसरण्याची सोय होती. फॅमिकॉमच्या चौकोनी लहरीवर लांब मींड ओढूं गेलें तर ठराविक जागीं लहर पुन्हां प्रारंभापासून सुरू होते आणि मध्येंच ‘टक्’ असा खडा लागतो. त्रिकोणी लहरीस हा दोष नाहीं. तिची मींड सलग निघते. म्हणून ‘राजी’तली गाती ओळ आम्ही तरी त्रिकोणी लहरीसच देऊं, तिचा आवाज लहानमोठा होत नाहीं, पण सनईच्या अखंड सुराची संवय झालेल्या कानास तें खटकूं नये. मात्र हीच वाट नेहमीं खर्जासाठीं राखून ठेवण्याची रीत आहे. ती गाण्याकडे गेली कीं खर्ज त्या दोन चौकोनी लहरींपैकीं एकीस सांभाळावा लागेल, आणि दुसरीस षड्‌ज धरून बसावें लागेल.