रिमेकला स्वतःची भीती हवी

डॉन सीगलचा ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ (१९५६) आज पाहिला तरी अस्वस्थ करतो. पडद्यावर भयंकर असं फार थोडं दिसतं. सांता मीरा नावाचं कॅलिफोर्नियातलं छोटं गाव. माणूस झोपला की एका मोठ्या शेंगेतून त्याची हुबेहूब प्रत जन्माला येते. चेहरा तोच, आठवणी त्याच, माया तेवढी नाही. इरा काका अंगणात गवत कापताहेत आणि त्यांची पुतणी डॉक्टरला कळवळून सांगते आहे की हे माझे काका नव्हेत. कुणाला यात कम्युनिस्टांची धास्ती दिसली, कुणाला कम्युनिस्टांच्या नावाने चाललेल्या धरपकडीची. दोन्ही अर्थ निघतात, कारण भीती खरी होती. सीगलला चित्रपट हायवेवर, गाड्यांमध्ये धावत ओरडणाऱ्या डॉक्टरवर संपवायचा होता. स्टुडिओला तो शेवट झेपला नाही. मागेपुढे इस्पितळातले प्रसंग जोडून प्रेक्षकाला दिलासा दिला गेला.

फिलिप कॉफमनने १९७८ मध्ये हीच कथा सॅन फ्रान्सिस्कोत आणली आणि माझ्या मते मूळ चित्रपटाच्या पुढे नेली. गावात माणूस बदलला तर घरच्यांना कळतं. महानगरात शेजारी बदलला तर कळणार कुणाला? लिओनार्ड निमॉयचा मानसोपचारतज्ज्ञ प्रत्येकाला शांतपणे पटवतो की हा तुमच्याच मनाचा खेळ आहे. साठच्या दशकातली आंदोलनं विझल्यावर आपल्यापुरतं पाहणाऱ्या समाजाची ही भीती आहे. मूळ नायक केव्हिन मॅकार्थी इथे क्षणभर येतो, तसाच गाड्यांमधून धावत, तसाच ओरडत. शेवट सांगत नाही, पण त्यात दिलासा मुळीच नाही.

एबल फरेराने १९९३ मध्ये कथा लष्करी तळावर नेली. कल्पना चांगली, पकड सैल. २००७ चा निकोल किडमनचा ‘द इन्व्हेजन’ मात्र पूर्ण फसला. स्टुडिओने त्यातले भाग दुसऱ्यांकडून पुन्हा लिहून आणि चित्रित करून घेतले. परक्यांचा हल्ला इथे साथीचा रोग होतो, लस सापडते, माणसं पूर्ववत होतात. १९५६ मध्ये वरून चिकटवलेला दिलासा इथे कथेचा गाभाच होऊन बसला.

जॉन कारपेंटरचा ‘द थिंग’ (१९८२) याच्या नेमका उलट. हॉवर्ड हॉक्सने निर्मिलेल्या १९५१ च्या चित्रपटात माणसं एकजुटीने राक्षसाला हरवतात. कारपेंटर तो चित्रपट बाजूला ठेवून जॉन कॅम्पबेलच्या मूळ कथेकडे गेला, जिथे राक्षस कुणाचंही रूप घेतो. अंटार्क्टिकाच्या तळावरचे बारा जण एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. रक्ताच्या चाचणीचा प्रसंग कितीही वेळा पाहिला तरी श्वास रोखायला लावतो. तेव्हा समीक्षकांनी तो झोडपला, प्रेक्षकांनीही पाठ फिरवली. रॉब बॉटिनने हाताने घडवलेली ती किळसवाणी शरीरं आजही अंगावर येतात. २०११ च्या त्याच नावाच्या पूर्वकथेसाठीही कारागिरांनी अशी शरीरं घडवली होती, पण त्यांतली बहुतेक संगणकीय चित्रांखाली झाकली गेली. निर्णय घेणाऱ्यांना कारपेंटरच्या चित्रपटाचं बळ कशात आहे हेच उमगलं नव्हतं.

काळाप्रमाणे भीती बदलली एवढंही पुरत नाही. रॉबर्ट वाइजच्या ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’ (१९५१) मध्ये परग्रहावरचा क्लाटू अण्वस्त्रांबद्दल बजावायला येतो. आपली शक्ती दाखवायला तो जगभरची वीज अर्धा तास बंद करतो. इस्पितळं आणि आकाशातली विमानं वगळून! त्या एका अपवादात त्याची सारी नीती दिसते. २००८ च्या रिमेकने अण्वस्त्रांऐवजी पर्यावरण घेतलं. विषय रास्तच होता. पण तो विषय विध्वंसाच्या दृश्यांत बुडाला आणि क्लाटूचं मतपरिवर्तन न पटणारं राहिलं. २०१२ च्या ‘टोटल रिकॉल’च्या रिमेकने तर मूळ चित्रपटातला मंगळच वगळला.

म्हणून रिमेक नकोतच, असं मी म्हणणार नाही. क्रोननबर्गचा ‘द फ्लाय’ (१९८६) नसता तर सडत जाणाऱ्या शरीराशेजारी टिकणारं प्रेम या प्रकारच्या चित्रपटाने इतक्या धीटपणे दाखवलं नसतं. तुम्ही मात्र सुरुवात सीगलपासून करा. दुसऱ्या दिवशी कॉफमन पाहा. २००७ चा पाहायची गरज नाही.