बाराची गाडी

दिवाळीत आमच्या घरी टिकल्यांचे पिस्तूल हटकून येते. ते कोण आणतो हे कधी कळत नाही. आई म्हणते मामाने आणले, मामा म्हणतो पोराने हट्ट केला. गेल्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या दुपारी, पहाटेचे अभ्यंगस्नान आणि सकाळचा फराळ अंगावर येऊन सारे घर डुलक्या घेत असताना, माझा आठ वर्षांचा नातू असले एक पिस्तूल कमरेला खोचून माझ्या शेजारी येऊन बसला आणि आम्ही दोघांनी 'शेन' हा जुना अमेरिकन बोलपट पाहिला. मधून मधून मी त्याला संवाद मराठीत सांगत होतो. बोलपट संपला तसे त्याने विचारले, "आजोबा, त्यानं पिस्तूल ठेवून दिलं होतं ना? मग परत का घेतलं?"

"दुष्ट माणसं आली म्हणून," मी म्हणालो.

"आणि ती आलीच नसती तर?"

या दुसऱ्या प्रश्नाला मला उत्तर सुचले नाही. चकलीची बशी पुढे सारून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न काही मनातून गेला नाही, आणि त्याच्या मागोमाग मी तीन बोलपट पुन्हा पाहिले: 'हाय नून' (१९५२), 'शेन' (१९५३) आणि 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' (१९६२). रसिकांना ही नावे नवी नाहीत. परंतु स्वसंरक्षणासाठी माणसाने पिस्तूल बाळगावे की नाही, या अमेरिकेतल्या जुन्या वादाच्या अंगाने ती पाहिली म्हणजे त्यांचा रंग थोडा बदलतो.

हा वाद आपल्याला काहीसा परका वाटेल. आपल्याकडे १९५९ च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, आणि परवाना मिळणे सोपे नाही. तिकडे १७९१ साली राज्यघटनेला जी दुसरी दुरुस्ती झाली, तिने शस्त्र बाळगणे हा लोकांचा हक्क ठरविला. तो हक्क नागरी सैन्यापुरता की ज्याच्या त्याच्या जिवापुरता, याचा खल दोनशे वर्षे चालला. २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की, आत्मरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणे हा व्यक्तीचा हक्क आहे. २०२२ च्या जूनमध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी तो हक्क उंबरठ्याबाहेर, रस्त्यावर आला, आणि परवान्यासाठी खास कारण दाखवा म्हणणारा न्यूयॉर्कचा जुना नियम रद्द झाला. आज निम्म्याहून अधिक राज्यांत पिस्तूल खिशात घालून हिंडायला परवानाही लागत नाही.

न्यायाधीश कलमांचा कीस काढतात. सामान्य माणूस मात्र कलमांनी विचार करीत नाही, तो चित्रांनी विचार करतो. आणि पिस्तूलवाल्या सज्जनाचे चित्र त्याच्या मनात या बोलपटांनीच कोरले आहे. म्हणून त्यांचे परीक्षण हा केवळ करमणुकीचा विषय राहत नाही.

'शेन'पासूनच सुरुवात करू. वायोमिंगच्या डोंगरांखाली काही गरीब कुटुंबे शेती करू पाहत आहेत आणि रायकर नावाचा बडा गुरेवाला त्यांना हुसकावून लावू पाहतो आहे. शेन हा परका घोडेस्वार स्टॅरेट कुटुंबाकडे उतरतो, कामकऱ्याचे कपडे विकत घेतो, पिस्तूल दूर ठेवतो. घरच्या लहान जोईला तो नेमबाजीचा धडा देत असताना त्याची आई मॅरियन तिथे येते. शेन तिला सांगतो की पिस्तूल हे कुऱ्हाड-फावड्यासारखेच एक अवजार. वापरणारा जसा, तसे ते. ती उत्तर देते की या खोऱ्यात एकही पिस्तूल उरले नाही, अगदी तुमचेसुद्धा, तर सगळ्यांचेच भले होईल. आज तिथल्या विधिमंडळांत तासन् तास जे बोलले जाते, ते सारे या दोन वाक्यांत आले आहे.

दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या चित्रण-पथकाचा प्रमुख होता; डाखाऊची छळछावणी त्याने डोळ्यांनी पाहिली होती. गोळी म्हणजे काय हे त्याला कळले होते. म्हणून चिखलात टॉरी या भाबड्या शेतकऱ्याला गोळी लागते तेव्हा तो नाटकी ढंगाने छातीवर हात ठेवून कोसळत नाही. धक्क्याने मागे फेकला जातो. आमचा नातू तिथे एकदम गप्प झाला होता. अशा दिग्दर्शकाने शेवटी तरी मॅरियनची बाजू घ्यावी? पण नाही. शेन गुत्त्यात जातो, तिघांना मारतो, आणि जोईला निरोप देतो की आईला सांग, खोऱ्यात आता पिस्तुले उरली नाहीत. मॅरियनची इच्छा पुरी झाली, पण पिस्तुलाच्याच हाताने! वादात ती जिंकते. कथानकात शेन जिंकतो. प्रेक्षक घरी नेतो ते कथानक.

'हाय नून'मध्ये डाव आणखी कौशल्याने मांडला आहे. मार्शल केनने ज्या गुंडाला तुरुंगात धाडले, तो सुटून दुपारी बाराच्या गाडीने सूड घ्यायला येतो आहे. लग्न लागून घटकाही झालेली नाही. नवी नवरी एमी क्वेकर, म्हणजे शस्त्राला न शिवणाऱ्या पंथाची. तिचा बाप आणि एकोणीस वर्षांचा भाऊ न्यायाच्या बाजूने उभे असतानाच गोळ्यांनी मेले, आणि म्हणून ती त्या पंथात गेली. हातात घड्याळ धरावे तसा बोलपट चालतो. केन दारोदार मदत मागतो. न्यायाधीश गाशा गुंडाळतो, चर्चमध्ये चर्चा होते, मित्र घरात असून नसल्याचे कळवतो. संकटाच्या वेळी शेजार कसा पाठ फिरवतो, याचे इतके कडू चित्र क्वचितच पडद्यावर आले असेल. पटकथाकार कार्ल फोरमन त्या वेळी कम्युनिस्टविरोधी चौकशी समितीच्या फेऱ्यात सापडला होता. हा कडवटपणा त्याला पुस्तकात शोधावा लागला नाही.

शस्त्रवाद्यांची खरी ताकद इथे दिसते, ती नाकारण्यात अर्थ नाही. हाक मारली आणि कोणी आलेच नाही, तर? एकट्या बाईने, म्हाताऱ्याने काय करावे? एमी अखेर गाडीतून उतरून धावत येते आणि खिडकीतून एकाला पाठीत गोळी घालते. या बोलपटातली सगळ्यांत खरी गोळी हीच, असे मला वाटते. समोरासमोर उभे राहून मारलेली नव्हे, भीतीने आणि प्रेमाने मारलेली. पण त्या गोळीनंतर तिच्या मनाचे काय झाले, हे बोलपट विचारीत नाही.

आणि मुख्य मेख पुढेच आहे. केनला शत्रूचे नाव ठाऊक आहे, चेहरा ठाऊक आहे, गाडीची वेळसुद्धा ठाऊक आहे! अशी सोय खऱ्या आयुष्यात कोणाला मिळते? खरे पिस्तूल वर्षानुवर्षे उशाखाली किंवा कपाटात पडून असते आणि बाराची गाडी येतच नाही. मात्र घरात दुसरे काही येते: भांडण येते, दारू येते, निराशेची एखादी रात्र येते, कुतूहलाने कपाट उघडणारे पोर येते. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. ज्या शत्रूसाठी पिस्तूल आणले तो आलाच नाही, आणि ते आणणाऱ्याच्याच घरात सुटले.

इतिहासानेही या चित्राला दुजोरा दिलेला नाही. ज्या रानटी पश्चिमेचे हे बोलपट, तिथल्या गावांनी आपल्या हद्दीत शस्त्र घेऊन फिरण्यास बंदी केली होती. ॲरिझोनातील टूमस्टोन गावाने १८८१ च्या एप्रिलमध्ये तसा नियम केला; गावात येणाऱ्याने हत्यार जमा करायचे. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला ओ. के. कोरल या तबेल्याजवळ जी जगप्रसिद्ध चकमक झाली, तिचे तात्कालिक कारण हेच होते की अर्प बंधू काही जणांची शस्त्रे काढून घ्यायला गेले. अर्ध्या मिनिटाच्या आसपास गोळ्या चालल्या, तीन माणसे मेली. या प्रसंगावर कितीतरी बोलपट निघाले. पण हा नियम किती प्रेक्षकांच्या लक्षात राहिला?

आता जॉन फोर्डचा 'लिबर्टी व्हॅलन्स'. या तिघांत हा मला सर्वांत थोर वाटतो, कारण तो स्वतःच्या थापेची कबुली देतो. कायद्याची पुस्तके घेऊन आलेला वकील स्टॉडर्ड पिस्तुलाला नकार देतो, गावकऱ्यांना लिहायला-वाचायला शिकवतो. शेवटी तोही, कमरेला भांडी घासतानाचे फडके तसेच ठेवून, गुंड व्हॅलन्सच्या समोर उभा राहतो. व्हॅलन्स मरतो, स्टॉडर्ड त्या कीर्तीवर गव्हर्नर होतो, सिनेटर होतो. खरी गोळी अंधारातून टॉम डॉनिफनने झाडलेली असते. टॉमने त्या गोळीत आपले प्रेम, आपले बांधते घर, सारेच घालवले. म्हातारा सिनेटर त्याच्या अंत्ययात्रेला येतो आणि त्याचा कमरपट्टा कुठे म्हणून विचारतो, तेव्हा कळते की टॉमने कित्येक वर्षांत पिस्तूल बाळगलेच नव्हते. आणि ही सारी हकीकत ऐकूनही गावचा संपादक आपली टिपणे फाडून टाकतो, कारण दंतकथाच त्याला सोयीची आहे.

त्या अंधाऱ्या बोळात टॉमच्या हातात रायफल टाकणारा पॉम्पी हा त्याचा निग्रो नोकर. गुत्त्यात त्याला कोणी दारू देत नाही. सगळ्यांच्या संरक्षणाची चिंता करणाऱ्या या बोलपटात, पॉम्पीचे रक्षण कोण करणार हे कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न मात्र खराखुरा होता. १८९२ साली, झुंडशाहीने माणसे मारली जात असताना, आयडा बी. वेल्स या निग्रो लेखिकेने लिहिले की प्रत्येक निग्रो घरात विंचेस्टर रायफलीला मानाची जागा हवी. १९५६ च्या जानेवारीत माँटगोमेरी येथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब पडला. त्यांनी पिस्तुलाचा परवाना मागितला. तो नाकारण्यात आला. परवाना अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेवला की तो कोणाला मिळतो आणि कोणाला नाही, हा शस्त्रवाद्यांचा मुद्दा इथे बिनतोड आहे. पण किंग यांची गोष्ट तिथे थांबत नाही. पत्नीशी बोलून त्यांनी घरातले होते तेवढे एक हत्यारही काढून टाकले, घराभोवती मोठे दिवे लावले आणि निःशस्त्र पहारेकरी ठेवले. १९६८ साली गोळीनेच त्यांचा अंत झाला हे खरे. पण ती दुरून आलेली रायफलीची गोळी होती. खिशातल्या पिस्तुलाने ती अडली नसती.

किंग भित्रे नव्हते, भाबडेही नव्हते. धोका त्यांच्या दाराशी येऊन गेला होता. केनची एकाकी चाल मला आजही थरारून सोडते, शेनचा निरोप आजही घसा दाटून आणतो. कलाकृती म्हणून त्यांचे मोल मी कमी करीत नाही. परंतु घराभोवती दिवे लावून, बिनहत्याराच्या चार शेजाऱ्यांना जागे ठेवून काढलेली ती रात्र कोणी पडद्यावर अशाच ताकदीने दाखवील, तेव्हाच या वादात मॅरियनला न्याय मिळेल.

यंदा नातू पुन्हा यायचा आहे. टिकल्यांचे पिस्तूल मी काढून घेणार नाही. पोरवयात ते असायचेच. पण "ती आलीच नसती तर?" असे त्याने पुन्हा विचारले, तर चकलीची बशी पुढे करणार नाही. दुष्ट माणसे बहुधा येत नाहीत, पिस्तूल मात्र घरातच राहते, एवढे त्याला सांगेन. आणि मग आम्ही दोघे मिळून 'लिबर्टी व्हॅलन्स' पाहू.